कथेसाठी बेट रचताना: आधी गैरहजर कोण ते ठरवा

कल्पनारम्य कथा किंवा विज्ञानकथा लिहायला घेतलेला नवा लेखक आज ना उद्या बेटाकडे वळतोच. वळावंही. चारी बाजूंनी पाणी असलं की कथेच्या जगाला हद्द मिळते आणि त्या हद्दीच्या आत निसर्ग कसा वागावा हे ठरवायची मोकळीकही मिळते. गडबड होते ती वहीच्या पहिल्या पानावर. तिथे आधी प्राणी उतरतात: सहा पायांचं हरीण, पंखवाला साप, रात्री उजळणारं झाड. त्यांना राहायला जागा हवी म्हणून मग बेट काढलं जातं. अशा बेटाचं प्राणिसंग्रहालय होतं. एक पिंजरा उचलून दुसऱ्या कथेत ठेवला तरी कुठे काही अडत नाही.

खऱ्या बेटांवर क्रम उलटा असतो. तिथलं वेगळेपण येतं ते तिथे पोहोचू न शकलेल्या जिवांमुळे. मुख्य भूमीवर ज्या कामाला ठरलेला गडी असतो, तो बेटावर आलेलाच नसतो. काम मात्र पडून असतं आणि भलताच कोणीतरी ते अंगावर घेतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात. सोबतीला आपण एक काल्पनिक बेटही रचत जाऊ.

पायरी १: बेट जन्मलं कसं, ते लिहा

बेटाच्या जन्माचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकात सुरुवातीची शिदोरी वेगळी असते.

पहिला प्रकार ज्वालामुखीतून उठलेल्या बेटांचा. हवाई, गॅलापागोस, मॉरिशस ही अशी बेटं. ती कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. सुरुवातीला तिथे नुसता दगड असतो, म्हणून जे काही दिसतं ते उडत, वाहत किंवा पोहत आलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात खंडाचा तुकडाच तुटून निघतो. मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. असा तुकडा जुनी वंशावळ पोटात घेऊन निघतो. केरळ-तामिळनाडूच्या सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा एक जांभळा बेडूक आहे. २००३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर निघाले. मध्ये अख्खा समुद्र आहे आणि बेडकाला तर खारं पाणी सोसत नाही. जमीनच फुटून दूर गेली, हे त्याचं उत्तर.

तिसऱ्या प्रकारात समुद्र चढतो आणि टेकडी एकटी पडते. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिमयुग संपताना पाणी वाढलं आणि सैबेरियाच्या उत्तरेला रँगल बेटावर काही मॅमथ अडकले. त्यांचे वंशज तिथे जवळजवळ ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जगले. म्हणजे इजिप्तमध्ये गिझाचे पिरॅमिड उभे राहिले तेव्हा या बेटावर मॅमथ चरत होते. तुमच्या कथेत एखादा पुरातन प्राणी ‘उरलेला’ दाखवायचा असेल, तर हा तिसरा प्रकार निवडा. ज्वालामुखीच्या बेटावर तो उरणार कुठून?

आपलं बेट ज्वालामुखीचं धरू. किनाऱ्यापासून आठशे किलोमीटर दूर, वय चाळीस लाख वर्षं, आकार एखाद्या तालुक्याएवढा, मधोमध उंच डोंगर. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची बाजू हिरवीगच्च आणि डोंगराआडची पूर्व कोरडी. कोकणातून घाट चढून देशावर गेलेल्या कुणालाही हा फरक शिकवावा लागत नाही. बेट लहान असलं तरी त्याला अशा दोन बाजू द्या. एकाच पूर्वजाच्या दोन वाटा व्हायला तेवढा फरक पुरतो.

पायरी २: अंतर, आकार, वय

ही पायरी पटकन उरकायची. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेला हिशोब इथे कामी येतो: बेट जितकं दूर तितके नवे जीव कमी येतात आणि जितकं लहान तितके आलेले लवकर नामशेष होतात. कथालेखकासाठी त्याचा अर्थ एवढाच की दूरच्या लहान बेटावर जातींची गर्दी करू नका. थोड्याच जाती द्या, पण त्या कुठेच न सापडणाऱ्या असू द्यात. वय कोवळं असेल तर फार मोठे बदल दाखवू नका. हवाईतलं काउआई बेट सुमारे ५० लाख वर्षांचं आहे आणि तेवढ्या काळात निसर्गाने तिथे पुष्कळ काही घडवलं आहे.

पायरी ३: प्रवाशांची यादी

आता प्रत्येक जिवाला विचारा, तू आलास कसा?

१८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला आणि उरलेलं बेट राखेखाली गेलं. नऊ महिन्यांनी तिथे पोहोचलेल्या शोधपथकाला जिवंत असं काय दिसलं, तर एक बारीकसा कोळी, जाळं विणत बसलेला. कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर जातात, त्यामुळे ती कुठेही पोहोचतात. नेच्याचे बीजाणूही तसेच. पक्षी आणि वटवाघळं उडून येतात, बिया त्यांच्या पोटातून आणि पिसांना चिकटून. नारळ तरंगत येतो.

सरडे-पाली-घोरपडींचं काय? १९९५ साली कॅरिबियन समुद्रातल्या वादळांनंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा तराफा लागला. त्यावर पंधराहून अधिक हिरव्या इग्वाना होत्या. ही जात त्या बेटावर आधी नव्हती. खवल्यांची कातडी पाणी धरून ठेवते आणि सरपटणारा प्राणी उपाशी बरेच दिवस तग धरतो, म्हणून तराफ्याचा प्रवास त्याला झेपतो. बेडकाच्या ओल्या कातडीला आणि सतत खावं लागणाऱ्या सस्तन प्राण्याला तो क्वचितच झेपतो. हत्ती मात्र उत्तम पोहतात. सायप्रस, सिसिली, फ्लोरेस अशा बेटांवर हत्ती आणि त्यांचे भाऊबंद पोहोचले होते, हे ऐकून नवख्यांना नेहमी आश्चर्य वाटतं.

यादीत नशिबालाही जागा ठेवा. नारकोंडम हे अंदमानच्या पूर्वेचं सुमारे सात चौरस किलोमीटरचं बेट. तिथे एक धनेश आहे, जगात फक्त तिथेच. शेजारच्या मोठमोठ्या अंदमान बेटांवर एकही जातीचा धनेश नाही. सगळं तर्कानेच जुळवलेलं बेट खोटं वाटतं, म्हणून असा एखादा योगायोग तुमच्याही बेटावर असू द्या. एकच मात्र, जास्त नको.

आपल्या बेटावर आले: एक कबूतर, एक पाल, फळं खाणारं एक वटवाघूळ, जमिनीवरचे खेकडे, थोडे कोळी, नेचे, नारळ आणि सूर्यफुलाच्या कुळातलं एक तण.

पायरी ४: गैरहजेरीचं पान

इथे घाई करू नका. वहीचं एक अख्खं पान फक्त न आलेल्यांसाठी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे लिहा की मुख्य भूमीवर हा कोणतं काम करतो. ते काम इथे कोण करणार?

एकाच गैरहजेरीचं उदाहरण घेऊ: सुतार पक्षी. झाडाच्या सालीखाली, लाकडात भुंगेऱ्यांच्या लठ्ठ अळ्या असतात. मुख्य भूमीवर त्या काढायचं काम सुतार पक्ष्याचं. मादागास्करला सुतार पक्षी नाही. तिथे हे काम करतो आय-आय नावाचा निशाचर लेमूर, माकडांचा दूरचा नातलग. त्याचं मधलं बोट काडीसारखं बारीक असतं. त्या बोटाने तो खोडावर भराभर टकटक करतो, कान खोडाला लावून आतली पोकळी ओळखतो, सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी लाकूड कुरतडतो आणि तेच बोट भोकात घालून अळी बाहेर ओढतो. गॅलापागोसलाही सुतार पक्षी नाही. तिथे फिंच नावाचा एक छोटा पक्षी निवडुंगाचा काटा चोचीत धरून त्याने अळी उकरतो. हवाईत अकियापोलाऊ नावाचा पक्षी आहे. त्याची खालची चोच आखूड आणि भक्कम, ठोकायला. वरची लांब आणि वाकडी, अळी ओढायला. न्यू गिनीत हीच गैरहजेरी पोटाला पिशवी असणाऱ्या एका पट्टेवाल्या पोसमने लांब बोट वाढवून भरली.

एकच रिकामी जागा, पण चार ठिकाणी चार उमेदवार आणि प्रत्येकाचं हत्यार वेगळं: बोट, काटा, दुहेरी चोच, पुन्हा बोट. जो तिथे होता, त्याच्याकडे जे होतं, त्यातूनच हत्यार घडलं. ‘मला विचित्र प्राणी सुचत नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे चार प्राणी शेजारी मांडून बघावेत. कल्पनाशक्तीला धरायला खुंटी हवी असते, ती इथे मिळते.

आता आपलं पान. आपल्या बेटावर उंदीर नाही, साप नाही, चरणारं जनावर नाही, मधमाशी नाही. आणि मुंगी नाही. हे शेवटचं मी मनाने घातलेलं नाही. हवाई बेटांवरही माणसाने आणण्याआधी मुंग्या नव्हत्या.

मधमाशी नाही तर फुलांकडे कोण जाणार? पाल. मॉरिशसमध्ये एका घंटेच्या आकाराच्या फुलाचा मध रक्तासारखा लाल असतो आणि त्या रंगाने दिवसा फिरणाऱ्या पाली ओढल्या जातात. म्हणून आपल्याही बेटावर फुलं फांदीऐवजी खोडालगत लागतील, जाड पाकळ्यांची, पालीचं वजन पेलणारी. जमिनीवरचा पाचोळा, पडलेली फळं, मेलेली पिल्लं साफ कोण करणार? खेकडे. सापही नाही आणि मांजरही नाही, मग कबुतराने घरटं झाडावर कशाला बांधावं?

पायरी ५: टंचाई कधी येते

रिकाम्या जागेने दिशा ठरते, पण वेग ठरतो टंचाईने. गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली पाऊस आलाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरली ती काटेरी, कडक फळं. आपल्या माळावर पायात रुततो त्या सराट्याच्या भाऊबंदाची. ती फोडू शकतील अशा जाड चोचीचे पक्षी जगले, बाकीचे बहुतेक मेले. वाचलेल्यांची चोच सरासरी अर्धा मिलिमीटर अधिक जाड होती आणि ती त्यांच्या पिल्लांत उतरली. पुढे १९८३ साली धो धो पाऊस झाला, बारीक बिया उदंड झाल्या आणि पारडं लहान चोचीकडे झुकलं.

अर्धा मिलिमीटर! कथेत बदल दाखवताना एवढ्या बारकाव्यावर विश्वास ठेवा. बेटाला एक ठरलेलं संकट द्या, दहा-पंधरा वर्षांनी येणारा दुष्काळ किंवा वादळ, आणि प्रत्येक जिवापुढे लिहा की त्या वर्षी तो काय खातो. आपल्या कबुतराला दुष्काळात पूर्वेकडच्या बाजूला फक्त वाळलेले कठीण बाठे मिळतात. म्हणून पूर्वेच्या कबुतराची चोच दणकट, पश्चिमेच्याची नाजूक. एकाच पूर्वजाच्या दोन जाती झाल्या, आणि तुम्हाला जादू वापरावी लागली नाही.

पायरी ६: आकाराची मोडतोड

बेटावर मोठे लहान होतात आणि लहान मोठे होतात, हे निरीक्षण ब्रिस्टल फॉस्टर यांनी १९६४ साली मांडलं. मोठ्याला चारा पुरत नाही आणि मोठं राहून ज्यांच्यापासून बचाव करायचा ते शिकारीही नसतात. लहान प्राण्याला लपायची गरज उरत नाही. सिसिलीतला एक जुना हत्ती पूर्ण वाढूनही खांद्यापाशी जेमतेम मीटरभर उंच होता. फ्लोरेसवर ठेंगणे हत्ती होते, मोठाले उंदीर होते आणि जेमतेम मीटरभर उंचीची माणसंही होती. त्यांचे अवशेष २००३ साली लिआंग बुआ गुहेत सापडले. पण हा नियम सरसकट लावू नका. सगळंच राक्षसी किंवा सगळंच बुटकं झालं की वाचकाला लेखकाची युक्ती दिसते. दोन जिवांना लावा, बाकीचे सोडा.

उडणं सोडण्याची गोष्ट अधिक भरवशाची आहे. उडायचे स्नायू पोसायला फार अन्न लागतं, त्यामुळे पळायची गरज नसेल तर ते आक्रसतात. हिंदी महासागरातल्या आल्डाब्रा बेटावर तर हे दोनदा घडलं. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी बेट समुद्राखाली गेलं आणि तिथला पाणकोंबडीच्या कुळातला न उडणारा पक्षी संपला. बेट पुन्हा वर आलं, मादागास्करकडून त्याच पूर्वजाचे पक्षी पुन्हा उडत आले आणि त्यांनीही उडणं सोडलं.

झाडांना विसरू नका. नवे लेखक प्राण्यांवर पानं खर्च करतात आणि वनस्पती मुख्य भूमीच्याच ठेवतात. मोठे वृक्ष पोहोचलेलेच नसतात, म्हणून बेटांवर तण वृक्ष होतं. हवाईतल्या रुपेरी पानांच्या सिल्व्हरस्वॉर्डचा पूर्वज कॅलिफोर्नियातून आलेली सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती होती आणि आज त्या गोतावळ्यात झुडपं, वेली आणि झाडंही आहेत. आपल्या बेटाचं जंगलही त्या एका तणातून उगवलेलं असेल: पोकळ खोडं, लवचीक लाकूड, खरबरीत पानं. तिथले लोक तुळई कशाची करत असतील, याचा विचार आताच करून ठेवा.

पायरी ७: कोण कोणावर अवलंबून

प्रत्येक जिवापासून निदान दोन रेघा ओढा: हा काय खातो आणि याच्याशिवाय कोणाचं अडतं? मॉरिशसजवळच्या इल ओझ एग्रेत या बेटावरची मोठी कासवं संपली, तशी आबनूसची फळं झाडाखालीच कुजू लागली. २००० सालापासून तिथे आल्डाब्राची कासवं आणून सोडली, त्यांनी फळं खाल्ली आणि बिया दूरवर रुजल्या. ख्रिसमस बेटावर लाल खेकडे पाचोळा आणि कोवळी रोपं खातात, म्हणून जंगलाखालची जमीन मोकळी राहते. बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी लाखो खेकडे मारले आणि त्या भागात रोपांची दाटी झाली, पाचोळा साचला. आपल्या बेटावरची मुंगीची गैरहजेरी किती मोलाची आहे, हे यावरून कळावं.

पायरी ८: माणसं आणि त्यांचं घर

लोक कधी आले ते ठरवा. आपल्याकडे सहाशे वर्षांपूर्वी, होड्यांतून, सोबत एकही जनावर न घेता आले असं धरू. आता त्यांच्या स्वयंपाकघरात शिरा. माडाच्या गुळाची ढेप उघडी ठेवली तरी तिला मुंगी लागत नाही. रात्री मात्र खेकडा चढतो, म्हणून प्रत्येक घरात शिंकं आहे आणि शिंक्याच्या दोरीवर उलटी करवंटी ओवलेली, खेकड्याचा पाय घसरावा म्हणून. पावसाच्या सुरुवातीला खेकडे अंडी सोडायला समुद्राकडे निघतात, तेव्हा त्या वाटेने कोणी चालत नाही. लग्नाची वरातही थांबते. हे एवढं लिहिलंत तर मुंगी, खेकडा आणि माणूस यांची नाती एकाही समजावणाऱ्या वाक्याशिवाय वाचकाच्या हाती पडतात.

प्राण्यांच्या वागण्यातही गैरहजेरी दाखवा. न्यूझीलंडचा काकापो पोपट धोका जाणवला की जागच्या जागी थिजतो. आकाशातून नजरेने शिकार हेरणाऱ्या पक्ष्यापुढे ही युक्ती चालत होती. वासावर येणाऱ्या मांजरापुढे ती चालली नाही, कारण काकापोच्या अंगाला दरवळ असतो. तुमच्या प्राण्याला अशीच एक सवय द्या, हजारो वर्षं बरोबर ठरलेली आणि एका दिवसात चुकीची ठरणारी.

पायरी ९: जहाज येऊ द्या

आता गैरहजेरीचं पान परत उघडा आणि त्यातलं फक्त एक नाव खोडून हजर करा. मॉरिशसवर डच १५९८ साली उतरले, मागोमाग डुकरं, उंदीर, माकडं आली आणि डोडोची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ची आहे. डोडो कबुतराच्याच कुळातला. त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आपलं निकोबारी कबूतर. हवाईत १८२६च्या सुमारास जहाजांबरोबर डास पोहोचला, पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला आणि तिथले मूळचे कित्येक पक्षी आता फक्त थंड डोंगरमाथ्यावर उरले आहेत, डास जगत नाही तिथे. नकाशावर अशी एक उंचीची रेघ आखली की कथेला आपोआप गड मिळतो.

आपल्याकडे जहाजातून साखरेचं पोतं उतरतं आणि पोत्यात मुंग्या आहेत. यानंतर कोणाला फटका बसतो ते क्रमाने लिहा. आधी खोडालगतच्या फुलांत मुंग्या भरतात आणि पाली फुलांकडे जायच्या थांबतात. मग खेकड्यांचे डोळे मुंग्यांच्या आम्लाने जातात. त्या पावसाळ्यात वाट रिकामी राहते आणि वरात पहिल्यांदाच न थांबता पुढे जाते. तरुणांना त्यात सोय दिसते. दुसऱ्या वर्षी पाचोळा घोट्यापर्यंत येतो. तिसऱ्या वर्षी जमिनीवरच्या घरट्यात कबुतराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतानाच मुंग्यांना सापडतं. शिंक्यावरची करवंटी आता निरुपयोगी आहे, मुंगी ती सहज ओलांडते, आणि गूळ पाण्याच्या परातीत ठेवायची युक्ती त्या बेटावर कोणालाच माहीत नाही. ती कोण शोधून काढतं, जहाजावरच्या माणसाकडून कोण शिकतं आणि शिकल्याबद्दल गावात कोणाचं तोंड फिरतं, हे ठरवलंत की पात्रांची नावं लिहायला घ्या.